तुळजाकाका घसरायला शिकतात

सर्व आप्तेष्ट, हितचिंतक आणि कुंभकोणमच्या पंचक्रोशीतले तमाम कॉफीवाले यांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कैलासवासी तुळजाराम राव यांनी उभ्या जन्मात कुणावरही विश्वास ठेवला नाही, ही गावात पसरलेली अफवा साफ खोटी आहे. त्यांनी एका माणसावर विश्वास ठेवला होता. भर वेगात, आंधळ्या वळणावर ठेवला होता. मी तेव्हा त्यांच्या पाठीशी उभा होतो आणि माझ्या हातून पाण्याचा लोटा पडला होता. लोट्याला पोचा आला, तो मी अजून काढून घेतलेला नाही.

तुळजाकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. नोकरी वजनमापे तपासण्याची. चाळीसेक वर्षं त्यांनी तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारे, मापाला आतून पोचा पाडणारे आणि तागडीवर बोट ठेवणारे लोक पाहिले होते. त्यामुळे जग हे असंच, खाली काहीतरी चिकटवलेलं असतं, अशी त्यांची खात्री झाली होती. कुणाच्या घरी कॉफी आली की ते आधी यजमानाकडे चिमूटभर कॉफीपूड मागायचे आणि ती पाण्याच्या पेल्यावर टाकून बसून राहायचे. खरी कॉफी तरंगते, चिकोरीची भेसळ असली तर बुडते आणि पाणी लाल करते. कॉफी पार निवायची, पण काकांची नजर पेल्यावरून हलायची नाही. लग्नघरात, मुंजीत, एकदा तर सुतक फिटल्यावर भेटायला गेले तिथेही. घरी सीतूकाकू त्यांच्यापुढे कॉफीसोबत तपासणीचं पाणीही न मागता ठेवायची. "रोज तपासतात," ती म्हणायची, "रोज पास होते."

चपलांचंही तसंच. देवळात गेले की ते उजवी चप्पल एका कोपऱ्यात काढायचे आणि डावी दुसऱ्या टोकाला. चोर जोड नेतो, एकेक चप्पल कोण उचलणार? या शास्त्रामुळे काकांची चप्पल कधीच चोरीला गेली नाही. मात्र दर्शनाला लागायचा त्याहून जास्त वेळ त्या शोधायला लागायचा.

आम्ही तंजावर मराठी लोक. बाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, आणि तेही असं की पुण्याचा पाहुणा आला की आमच्याकडे जुन्या बखरीकडे बघावं तसा बघतो. काकांचं बोलणं मी इथे तुमच्यासाठी थोडं सपाट करून लिहितोय. पण त्यांचा एक शब्दप्रयोग सपाट करायची माझी छाती नाही. तुम्ही काहीही सांगा. पाऊस येणार आहे सांगा, मुलगा पास झाला सांगा, सूर्य पूर्वेला उगवला सांगा. काका मान हलवत सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "असूं दे की. पण कां?"

निवृत्त झाल्यावर काकांनी एक जुनी हिरवी मोटार घेतली, आणि तीसुद्धा काकूसाठी. शेजारच्या मरुदानल्लूर गावी दर एकादशीला भजन असायचं. काकू तिथे जुन्या चालीवर विठ्ठलाचे अभंग म्हणायची आणि तिच्याशिवाय त्या भजनात म्हणे प्राण नसायचा. पण तिचे गुडघे गेले होते. टाउन बसची पायरी तिला पर्वतासारखी वाटायची. काका हे कधी तोंडाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त मोटार आणून दारात उभी केली आणि म्हणाले, "जागा होती मणून आणलों."

आता मोटार आली की ड्रायव्हर आला, आणि ड्रायव्हर आला की संशय आला. पहिल्याच्या सदऱ्याला पेट्रोलचा वास येतो म्हणून काकांनी त्याला काढला. दुसऱ्याच्या सदऱ्याला कसलाच वास येत नाही म्हणून त्यालाही काढला. "इतका स्वच्छ? पण कां?" शेवटी ते स्वतःच चालवायला शिकले, परवाना मिळवला आणि काकूला बसवून तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला निघाले.

वाटेत एका वळणावर, रस्त्याच्या कडेला, एक शेळी उभी होती. नुसती उभी. काकांना ती शेळी बरी वाटेना. ही आता आडवी येणार, या खात्रीने ते तिच्यावरची नजर काढेनात, आणि जिथे नजर तिथे मोटार. वळण डावीकडे गेलं, मोटार शेळीकडे गेली. ऐन वळणात त्यांनी ब्रेक असा दाबला की चाकं जागच्या जागी थांबली आणि मोटार तशीच सरळ घसरत, शेळीला चाटून, केळीच्या बागेत शिरली. शेळी शेवटपर्यंत हलली नाही. कुणाला लागलं नाही, पण काकू खाली उतरली, पदरावरची केळीची फाटकी पानं झटकली, आणि म्हणाली, "ह्या मोटारीत माझा पाय परत पडायचा नाही." मग ती त्या दुखऱ्या गुडघ्यांनी बसच्या थांब्यापर्यंत चालत गेली.

त्यानंतर मोटार झाकून ठेवली गेली. काकूचं मरुदानल्लूरही हळूहळू सुटलं. एकादशीच्या संध्याकाळी ती ओसरीवर बसून, ओठांतल्या ओठांत, एकटीच म्हणायची. काका तेव्हा पेपर वाचायचे. मी पाहिलं होतं, त्यांचं पान उलटत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पेरिय तेरू या रस्त्यावरच्या एका माडीवर कॉम्प्युटर सेंटर काढलं. त्या काळी कॉम्प्युटरला देवाचा मान होता. खोली थंडगार, दाराला जाड पडदा, आणि आत यायचं तर चप्पल बाहेर काढून. सकाळ-संध्याकाळ मुलं शिकायला यायची, दुपारी सगळं ओस. त्या ओस दुपारी माझी एक भानगड चालायची. सिंगापूरच्या मावसभावाने मला टेबलाला आवळून बसवायचं एक स्टिअरिंग, पायाखाली ठेवायची दोन पेडलं आणि रॅलीचा एक खेळ आणून दिला होता. या खेळात दुसऱ्या मोटारी नसतात. तुम्ही एकटे, जंगलातला कच्चा रस्ता, खडी, चिखल, आणि वर चालणारं घड्याळ. आपली मोटार न आपटता शेवटपर्यंत न्यायची, एवढंच. आणि तेवढंच होत नाही.

काका एके दुपारी छापा घालायला आले. पडदा आहे म्हणजे पडद्यामागे काहीतरी आहे, हे त्यांचं म्हणणं. मी नेमका खेळातल्या मोटारीसकट एका झाडावर चढलो होतो.

"बाबू, हे काय?"

"काका, शर्यत."

"कुणाशी?"

"कुणाशीच नाही. घड्याळाशी."

"असूं दे की. पण कां?" असं म्हणून त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले.

पहिल्या दिवशी काकांनी त्या जंगलातलं एकही झाड सोडलं नाही. काहींवर तर ते दोनदा गेले. त्यांचा पहिला निष्कर्ष असा, की कॉम्प्युटर त्यांना येताना बघून झाडं रस्त्यावर सरकवतो. दुसरा निष्कर्ष त्या आवाजाबद्दल होता. खेळात तुमच्या शेजारी एक अदृश्य सोबती बसलेला असतो आणि तो इंग्रजीत पुढची वळणं आधीच सांगत जातो: डावीकडे मोठं, उजवीकडे चिंचोळं, पुढे चढ आणि चढामागे काय ते दिसत नाही.

"हा कोण?" काकांनी स्पीकरकडे बोट दाखवलं.

"सोबती. पुढचा रस्ता सांगतो."

"ह्याला कसं कळतंय? आधी येऊन गेलाय?"

"हो काका, आधी येऊन सगळं बघून ठेवतात."

"मग स्वतः कां चालवत नाही?"

 काका त्याने सांगितलेलं प्रत्येक वळण आधी थांबून, डोळ्यांनी बघून, खात्री करून घेऊ लागले. सांगितलेलं खरं निघालं की संशय वाढायचा. "पहिल्यांदा खरंच सांगतात रे. विश्वास बसला की मग पारड्याखाली चिंच." तिसऱ्या दिवशी त्यांनी स्पीकरची वायर काढून टाकली.

पण ते यायचे थांबले नाहीत. रोज दुपारी, जेवण झाल्यावर, "वाचनालयात जाऊन येतों" असं घरी सांगून यायचे. मला त्यांनी शपथ घातली होती. आणि मी, ज्याला स्वतःला धड चालवता येत नव्हतं, तो त्यांचा गुरू झालो.

मी म्हणायचो, "काका, ब्रेक वळणात नाही, वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारायचा."

"पण कां?"

या 'पण कां'ला मला एकदाच खरं उत्तर सापडलं. मी त्यांच्याच तराजूची भाषा वापरली. म्हटलं, मोटार म्हणजे तराजू समजा. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं पारडं वर उचललं जातं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वजन मागे. खडीवर जे पारडं हलकं, ते घसरतं.  मग त्यांनी अनवाणी पायाने ब्रेक हळूच दाबला, सोडला, परत दाबला. डोळे मिटून. देवघरात बसावं तसे.

"मणजे वळणाच्या तोंडाशी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर मागची बाजू हलकी होऊन बाहेर जाते?"

"जाते."

"चोर आहे," ते आनंदाने म्हणाले. "चोर आहे, पण नियमाने चोरी करतोय!"

त्या दिवसापासून त्यांची प्रगती सुरू झाली. नियमाने चालणाऱ्या चोराशी कसं वागायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागची बाजू उजवीकडे सरकली की स्टिअरिंगही उजवीकडे, हे ते शिकले. पण तिथे दुसरी अडचण आली. मोटार सावरू लागली तरी ते हात सरळ करेनात. "आत्ता सरळ झाल्यासारखं दाखवतेय," ते पुटपुटायचे, आणि तेवढ्यात ती झोकांडी खाऊन दुसऱ्या बाजूला भिरभिरत जायची. मी ओरडायचो, "काका, सावरली की सोडा! लगेच सोडा!" घसरणाऱ्या मोटारीला पकडणं त्यांना जमलं, पण सावरलेल्या मोटारीवर विश्वास ठेवणं जमायला कितीतरी दुपारी गेल्या. आणि जमलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाबू, त्या शेळीची काही चूक नव्हती."

मोटार आता त्यांच्या हातात होती, पण शर्यत पुरी होत नव्हती. जिथे रस्ता दिसतो तिथे काका उत्तम. चढ आला, पलीकडचं दिसेनासं झालं, की संपलं. एकतर ते चढावर थांबून जायचे, नाहीतर वेगात जाऊन थेट दरीत. सोबत्याचा आवाज लावू म्हटलं तर, "तो माणूस नक्को."

इकडे घरी सीतूकाकूचा तपास चालू झाला होता. सगळा जन्म संशयी माणसाबरोबर काढला की ती विद्या थोडी आपल्यालाही येतेच. वाचनालयातून आलेला माणूस घामाघूम का असतो? दंड का चोळतो? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, खुशीत का असतो? तिने एकदा त्यांचा सदरा नाकाशी धरून पाहिला. कसलाच वास नव्हता. त्यामुळे तर तिची खात्रीच पटली.

मला तिने कापड दुकानासमोर गाठलं. "बाबू, काका दुपारी कुठे जातात रे?"

"वाचनालयात, काकू."

"काय वाचतात?"

"जाड पुस्तक आहे."

"त्यांचा चष्मा घरी असतो," काकू म्हणाली, आणि निघून गेली. 

दुसऱ्या दुपारी ती माडीच्या जिन्याखाली उभी राहिली. वर कोण आहे हे तिला कुणाला विचारावंच लागलं नाही. पहिल्या पायरीवर एक उजवी चप्पल होती आणि वर, दाराच्या पलीकडच्या कोपऱ्यात, एक डावी. साऱ्या कुंभकोणममध्ये अशा चपला काढणारा माणूस एकच. गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पायरी चढत काकू वर आली आणि तिने पडदा बाजूला केला.

तिला काय दिसलं असेल ते तुम्हीच मनात आणा. अंधारी, थंडगार खोली. पासष्टीचा नवरा, अनवाणी, धोतर गुडघ्यावर खोवलेलं, भिंतीकडे तोंड करून एक चाक गरागरा फिरवतोय आणि ओरडतोय, "सोडलों! सोडलों! अरे, सोडलों की!"

"अय्यो!" काकू म्हणाली. "कुणाला सोडलांत?"

काका झाडावर आपटले. मी पाण्याचा लोटा उचलला, कारण काहीतरी हातात असणं आवश्यक होतं.

काकांनी मागे वळून पाहिलंच नाही. "बस," ते मॉनिटरकडे बघत म्हणाले.

काकू बसली. ओरडली नाही, रडली नाही. हाताची घडी घालून, पोलीस चौकीत पंचनामा बघावा तशी, ती बघत राहिली. काकांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा आपटले. पुन्हा सुरुवात; कधी चढामागची दरी, कधी चढावर थांबत गेले तर पुढच्या पुलापलीकडचं झाड. 

आणि मग, परत तोच चढ जवळ येऊ लागला तेव्हा, काकूच्या तोंडून शब्द बाहेर पडले. "पलीकडे डावीकडे जातंय. हळू करूं नका, रस्ता रुंद आहे."

मी काकांकडे पाहिलं. आता मोटार थांबणार, 'असूं दे की, पण कां' येणार, हे मला लख्ख दिसत होतं. मोटार थांबली नाही. चढावरून ती उडाली, उतरली, काकांचे हात आधीच डावीकडे होते. रस्ता डावीकडेच गेला.

"पुढे पूल," काकू म्हणाली. "पूल झाला की लगेच उजवीकडे, चिंचोळं. तिथे तुम्ही तीनदा मेलांत. आत्ता ब्रेक. सोडा."

काकांनी ब्रेक मारला, सोडला. मोटारीची मागची बाजू सुटली, काकांनी धरली, सरळ झाली, सोडून दिली. लोटा माझ्या हातातून तेव्हा पडला.

शर्यत संपल्याची पाटी आली. काका तिच्याकडे बघत राहिले. खाली काही चिकटवलंय का ते शोधत असावेत. मग ते काकूकडे वळले.

"तुला कसं कळलं?"

"मघापासून तिथेच आपटताय की! मला डोळे नाहीत?"

काकांनी मान हलवली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी वाट पाहिली, खरोखर पाहिली. विचारला नाही.

त्यानंतर दोघंही यायला लागले. चपला आता तीन ठिकाणी असायच्या, कारण काकू तिचा जोड एकत्रच काढायची. दुपारभर आतून तिचा आवाज यायचा, "डावी, मोठी... पूल... हळू, हळू... आता जा," आणि त्यात तिची जुनी भजनाची लय कधी मिसळली ते मलाही कळलं नाही. पण खऱ्या मोटारीचं नाव कुणी काढत नव्हतं. काका मनात असून विचारत नव्हते, कारण ती नाही म्हणेल हा संशय. काकू बोलत नव्हती, कारण ती केळीची पानं अजून तिच्या पदरावर होती.

काका पुढे पुष्कळ वर्षं जगले. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी नाडी धरली, तेव्हा काकांनी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बरोबर आहे का ते आधी विचारलं. पण त्यांची आठवण निघाली की मी ती खाट सांगत नाही. मी सांगतो ती पोंगल उलटून गेल्यावरची एकादशीची सकाळ.

त्या सकाळी काकांनी मोटारीवरचं कापड काढलं, शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि दाराशी उभे राहिले. काकू ओसरीवर होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, मग आत जाऊन टाळ घेऊन आली. "बाबू, तू मागे बस," ती मला म्हणाली. "साक्षीला माणूस असूं दे."

मरुदानल्लूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ती दारावरची कडी घट्ट धरून होती. काका बैलगाडीच्या वेगाने चालले होते. मग हात जरा सैल झाला. मग ती हळूच म्हणाली, "डावी. मोठी." काकांनी डावीकडे मोठं वळण घेतलं.

आमच्याकडे कापणीच्या दिवसांत शेतकरी भाताच्या पेंढ्या रस्त्यावरच पसरतात. येणाऱ्याजाणाऱ्या बस-लॉऱ्या त्यावरून जातात आणि मळणी फुकट होते. एका गावाच्या तोंडाशी रस्ता उजवीकडे वळत होता आणि त्या वळणाच्या पलीकडे, दहिवराने भिजलेल्या, जाड थराच्या पेंढ्या पसरल्या होत्या. काकूला त्या दिसल्या नाहीत. काकांनाही नाही. मोटार त्यावर चढली आणि एकदम तिचा रस्त्याशी संबंध संपला.

मागची बाजू सरकू लागली. समोरच्या काचेतून मला रस्ता दिसत होता, तिथे पाण्याने भरलेला पाट दिसायला लागला. पाटाच्या काठी उभा असलेला पेंढ्यांचा धनी हातातलं दंताळं टाकून मागे पळाला. मी डोळे मिटणार होतो, पण काकांच्या पायाकडे माझी नजर गेली. उजवा पाय ब्रेकवर नव्हता. तो अ‍ॅक्सिलरेटरवर होता, हलका, जितका हवा तितका. हात घसरणीच्या बाजूला वळले, तिथे क्षणभर थांबले, आणि मोटार सरळ होऊ लागताच त्यांनी ते सोडून दिले. लगेच. पेंढा संपला. चाकांना डांबर लागलं. मोटार सरळ उभी राहिली.

 काका खाली उतरले, चारी चाकांभोवती फिरून आले, ओल्या पेंढ्याची मूठ घेऊन नाकाशी धरली, आणि परत येऊन दाराशी उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काकूचं तोंड उघडं होतं, टाळ मांडीवरून खाली घरंगळले होते. मला बसचा थांबा आठवला. ती उतरणार, गुडघ्यांवर हात ठेवत चालू लागणार, आणि ही मोटार आता कायमची झाकली जाणार, हे काकांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. त्यांनी न सांगताच तिच्यासाठी दार उघडलं.

काकू उतरली नाही. तिने मागे वळून त्या पेंढ्यांकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि दंताळं उचलायला परतलेल्या त्या शेतकऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं:

"अहो, अणिक एकदा तसंच करा की!"